डावी बाही दोन बोटं कमी

आमच्या गल्लीत सगळ्यांच्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड आहे. प्रताप नगरात आमची गल्ली शोधायची असेल तर पत्ता विचारत बसू नका. डिसेंबरात या, सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसांकडे बघा आणि ज्याचं डावं मनगट उघडं दिसेल त्याच्या मागे चालायला लागा. तो तुम्हाला बरोबर विमलकाकू गावंड्यांच्या फाटकासमोरून नेईल, कारण ते फाटक गल्लीच्या तोंडाशीच आहे. आणि त्या फाटकासमोरून जाणारा माणूस एकदा तरी माप देऊन गेलेला असतो.

काकू स्वेटर विणतात. वाक्य साधं आहे, पण ते नागपुरात बसून वाचायला हवं. आमच्याकडे थंडी डिसेंबरात येते, संक्रांतीचा तिळगूळ घेते आणि निघून जाते. उरलेलं वर्ष आम्ही घाम पुसतो. मे महिन्याच्या दुपारी तर कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही. अशा दुपारी विमलकाकू कूलरसमोर बसून, मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन विणत असतात. घामेजल्या बोटांना लोकर चिकटू नये म्हणून शेजारी घामोळ्यांच्या पावडरचा डबा असतो. चार टाके घातले की बोटं डब्यात बुडवायची, फुंकर मारायची, पुढे चालू. त्यामुळे काकूंच्या हातचा नवा स्वेटर झटकला की आधी पांढरा धूर निघतो आणि मग स्वेटर दिसतो.

"काकू, एवढ्या उन्हाळ्यात कशाला?" असं मी एकदा विचारून बसलो.

"मंग काय थंडी पडल्यावर सुरू करू?" त्या म्हणाल्या. "थंडीले तयार स्वेटर लागते गा सुधीर. ते काय माह्यासाठी थांबून राहते?"

त्यांच्या सुया दुकानातल्या नाहीत. सायकलीचे स्पोक आहेत. टोकं घासून गोल केलेली आणि मागच्या बाजूला टाके निसटू नयेत म्हणून लाकडाचे मणी ठोकलेले. "माहेरून आणल्या," एवढंच त्या सांगतात. स्पोक ते किती जाड असणार? त्यामुळे वीण इतकी घट्ट येते की काकूंचा स्वेटर पाण्यात बुडवला तर पाणी आत जायला वेळ घेतं. वैशालीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, एकदा त्यांना बाजारातून जाड सुया आणून दिल्या. काकूंनी त्या प्रेमानं ठेवून घेतल्या आणि मिरच्या वाळवताना पोतं खाली दाबायला वापरल्या.

माप घ्यायची त्यांची पद्धत वेगळी आहे. टेपला त्या हात लावत नाहीत. "टेप कापडाले लावते," त्या म्हणतात, "माणसाले हात लावते." पाठीवर वीत टाकायची, खांद्यावर बोटं मोजायची, बगलेत मूठ धरून बघायची, की झालं. गॅस सिलिंडर आणणारा, कुरिअरवाला, पाण्याचं मीटर बघायला येणारा, सगळ्यांच्या पाठी त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून फाटकात आला. काकूंनी त्याचे जोडलेले हात सोडवले, खाली केले, त्याला फिरवून पाठ मोजली आणि म्हणाल्या, "जा आता. मत पाहू मंग." तो पडला. स्वेटर मात्र त्याला मिळाला, आणि अजून हिवाळ्यात तो घालून फिरतो. हात वर करून नमस्कार केला की डावं मनगट उघडं.

गावंडे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता आराम. काकूंनी त्यांना दुसऱ्या दिवशीपासून लोकरीची लडी धरायला बसवलं. दोन्ही हात समोर, त्यावर लडी, आणि समोर काकू गुंडा करतायत. टीव्हीवर क्रिकेट चालू असतं. पण काकांना टाळी वाजवता येत नाही आणि षटकार गेला तर हात उंचावता येत नाहीत. एकदा भारत जिंकला तेव्हा काकांचं भान सुटलं. ती लडी सोडवायला आम्हाला अख्खा रविवार लागला.

आता ब्लॉगकडे येतो. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत निळाशार पूर्ण बाह्यांचा स्वेटर.

"सुधीर, तुह्याकडे कॉम्प्युटर हाय न?"

"आहे."

"मंग मले त्याच्यात लिवायचं हाय. साऱ्या दुनियेले दिसलं पाह्यजे."

"काय लिहायचंय?"

"स्वेटर," काकू म्हणाल्या. आणि पिशवीतला निळा स्वेटर माझ्या अंगावर टाकला. "हा घाल अन् फोटो काढू दे."

मी विमा कंपनीत कारकून आहे. टायपिंग दोन बोटांनी करतो. साहित्याशी माझा संबंध मृत्युदाव्याच्या अर्जापुरता. तरी मी काकूंचा लेखनिक झालो, तंत्रज्ञ झालो आणि वैशालीच्या शब्दांत सांगायचं तर "हिरो" झालो. ब्लॉगला नाव काय द्यावं यावर मी रात्रभर विचार करून 'उबदार नागपूर' सुचवलं. "नागपूर आधीच उबदार हाय," म्हणून काकूंनी ते उडवलं आणि 'विमलचे टाके' असं ठेवलं. पहिला फोटो माझा. जूनमधली आमची गच्ची, निळा स्वेटर, आणि चेहरा असा की कुणी पाहिलं तर वाटावं, याला पोलिसांनी पकडलंय. पाठीवर घामोळ्या आल्या त्या दसऱ्यापर्यंत टिकल्या.

काकू बोलायच्या आणि मी टाइप करायचो. मी सुरुवातीला त्यांची भाषा सुधारायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच लेखात त्यांनी ते पकडलं. "हे कोण बाई लिवून राहिली?" त्या म्हणाल्या. "मी अशी बोलते काय?" तेव्हापासून मी जसंच्या तसं लिहितो. उदाहरणार्थ: "दीड वीत भरतीन एवढे टाके सुईवर घाला. चार बोटं बॉर्डर विणा. मंग भात लावा. कुकर होतपर्यंत पाठ चढवत राहा. मधात कोणी आलं तं टाका अर्धा सोडू नका, येणाऱ्याले बसू द्या."

लोकांना हे आवडलं. कुणाला आवडावं याचा मला अंदाज नव्हता. थंड देशांत गेलेल्या आपल्या मुली, पुण्यातल्या हौशी बायका, एक बेळगावचे निवृत्त हेडमास्तर असे वाचक जमत गेले. अडचणही तिथूनच सुरू झाली. काकूंची वीत म्हणजे काकूंची. बर्फाच्या देशातली एक उंचापुरी मुलगी काकूंचा नमुना स्वतःच्या वितीनं विणत गेली आणि जो स्वेटर झाला त्यात ती आणि तिचा नवरा दोघं मावले. फोटो पाठवला होता तिनं. दोघं हसत होते, पण तक्रार तक्रारच असते.

मग काकूंनी प्रमाण ठरवून दिलं. "लोकरीचा गुंडा आंबिया बहाराच्या संत्र्याएवढा करा अन् तो माह्या मुठीत मावते, हे ध्यानात ठेवा." यावर बाहेरून प्रश्नांचा पाऊस. आंबिया म्हणजे काय? संत्रं केवढं असतं? काकू चक्रावल्या. संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन बहारांतला फरक ज्या माणसाला कळत नाही तो स्वेटर घालण्याइतका मोठा कसा झाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत लहानपण गेलेल्या बाईकडून दुसरं काय ऐकणार? शेवटी मी संत्र्याशेजारी काडेपेटी ठेवून फोटो टाकला. हेडमास्तरांनी कळवलं की काडेपेट्यांतही लहान-मोठ्या असतात.

पण खरी बोंब डाव्या बाहीची. प्रत्येक नमुन्याच्या शेवटी काकू न चुकता एकच वाक्य सांगायच्या: "डावी बाही दोन बोटं कमी." पुरुषाचा असो, बाईचा असो, पूर्ण बाह्यांचा प्रत्येक स्वेटर असाच. वाचक म्हणायचे, चूक झाली असेल. काकू म्हणायच्या, चूक नाही. वाचक विचारायचे, मग कारण काय? काकूंचं उत्तर ठरलेलं होतं.

"घड्याळ दिसलं पाह्यजे."

"मी घड्याळ उजव्या हातात घालतो, काकू," मी म्हणालो होतो.

"मंग तू चुकून राहिला."

कॉलनीनं काकूंचं शास्त्र मान्य करून टाकलं. आमच्याकडे लोक थंडीत डावा हात पँटच्या खिशात आणि उजवा बाहेर ठेवून चालतात.

या सगळ्यात एक गोष्ट मी सुरुवातीपासून पाहत होतो. काकूंचं माहेर नरखेडजवळ, एसटीनं दोनअडीच तासांवर, आणि काकू तिथे जात नसत. "त्या गावाचं नाव काढायचं नाही," असा त्यांचा घरात कायदा होता. तो कायदा मोडायचं काम त्या एकट्याच करायच्या, आणि दिवसातून दहादा करायच्या. वांगं चिरताना, "आमच्या गावची वांगी असती तं." पंखा बंद पडला की, "आमच्या विहिरीवर कायचा पंखा लागते?" आणि मग स्वतःलाच म्हणायच्या, "जाऊ दे. नाव नाही काढायचं."

खरा प्रकार मला काकांनी सांगितला. एका दुपारी काकू आत होत्या आणि काका हातावर लडी घेऊन अडकलेले होते.

काकूंचा एक मोठा भाऊ. दोघांचं लहानपणापासून गूळपीठ. त्या भावाच्या मुलाचं लग्न गावात होतं, मे महिन्यातलं. काकूंनी भावासाठी आहेर म्हणून निळा स्वेटर विणून नेला. मांडवात सगळ्यांसमोर त्यांनी तो भावाच्या हातात दिला. दादा आनंदात होता, पाहुणे जमलेले होते, आणि अशा वेळी माणसाची जीभ जरा पुढे धावते. तो म्हणाला, "मे महिन्यात स्वेटर? मले काय अंड्यासारखी उबवून राहिली काय वं विमल?" अख्खा मांडव हसला. नवरीकडची माणसंही हसली.

"अन् ही हसली नाही," काका म्हणाले.

काकूंनी तो स्वेटर भावाच्या हातातून परत घेतला, घडी केली, पिशवीत घातला. पंगत मांडली जात होती. त्या न जेवता निघाल्या आणि मांडवाच्या दाराशी वळून म्हणाल्या, "माह्या फाटकात पाय ठेवायचा असन तं मे महिन्यातच ठेवजो. अन् स्वेटर घालून ठेवजो."

"मग?"

"मंग काय? तो म्हणते ती आधी गेली, तिनं यावं. ही म्हणते मी सांगतलं तसं त्यानं यावं. दरसाल भाऊबीज येते, ही ताट लावते, सायंकाळी उचलून ठेवते. अन् तो निळा स्वेटर ब्लॉगवरच्या फोटोत तुह्या अंगावर हाय."

मी गार झालो, म्हणजे नागपुरात जितकं होता येतं तितका. काकूंना मी नेहमी हसण्यावारी नेत आलो होतो. त्या दुपारी मला त्यांची फार माया आली. आणि दादाचा रागही आला. एवढा मोठा माणूस, दोनअडीच तासांचा रस्ता, आणि एक स्वेटर घालवत नाही अंगात? काका म्हणाले, "मलेही तसंच वाटते. पण माह्या हातात काही नाही." त्यांच्या हातात लडी होती.

या एप्रिलमध्ये पुण्यातल्या त्या हौशी बायकांनी कळवलं की त्यांचं मंडळ 'विमलचे टाके'चा वाढदिवस साजरा करणार आहे. काकूंनी इतक्या वर्षांचा अनुभव सांगणारा एक मोठा लेख लिहावा. ब्लॉग कसा सुरू झाला, का सुरू झाला, मागे वळून पाहताना काय वाटतं.

"मांगं वळून काहून पाहायचं?" काकू म्हणाल्या. "मान दुखते."

तरी त्या खूश होत्या. रोज दुपारी मी जेवणाच्या सुटीत घरी आलो की लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायचो आणि त्या सांगायला बसायच्या. "लिही. मी हे लिवायले सुरुवात केली कारण." मग थांबायच्या. मग म्हणायच्या, "हे खोड. असं लिही. लोकर घेताना नेहमी एक लडी जास्त घ्यावी." बर्फाच्या देशातल्या मुलीवर त्या तासभर बोलल्या. हेडमास्तरांच्या काडेपेटीवर बोलल्या. माझ्या घामोळ्यांवर एक परिच्छेद सांगितला, तो मी टाइप केला नाही. पण 'कारण' या शब्दापुढे गाडी काही जाईना. मला कारण माहीत झालं होतं आणि मला माहीत झालंय हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे मी लॅपटॉपकडे पाहत बसायचो.

अशातच एका दुपारी ब्लॉगवर एक नवी प्रतिक्रिया दिसली. सगळ्यात पहिल्या लेखाखाली, माझ्या निळ्या स्वेटरातल्या फोटोच्या खाली. नाव नाही, गाव नाही. फक्त एक ओळ. मी ती मोठ्यानं वाचली.

"डावी बाही बरोबर बसली."

मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. मी हसलोही. काकूंच्या सुया थांबल्या. सुया थांबलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या.

"पुन्हा वाच."

मी वाचलं.

"बरोबर बसली म्हणते?"

"हो."

"ढिली नाही म्हणत?"

"नाही."

काकू उठल्या, आत गेल्या, चहा घेऊन आल्या. चहात साखर नव्हती. मी आणि काका दोघांनी तो निमूटपणे प्यायला. त्यानंतर रोज मी पाय आत टाकायच्या आधी विचारणा व्हायची, "काही नवीन आलं काय गा?" काही येत नव्हतं. एप्रिल संपला. मे उजाडला आणि काकू अधूनमधून फाटकाकडे बघू लागल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पोस्टमन." आमच्याकडे पोस्टमन सकाळी येतो.

मग ती दुपार. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. कूलर घोंगावत होता, काका लडी धरून होते, काकू "लिही, कारण" म्हणून थांबल्या होत्या, आणि फाटकाशी एक ऑटो येऊन थांबला. ऑटोवाला घाईघाईनं उतरला आणि मागच्या म्हाताऱ्या माणसाला काखेत हात घालून उतरवू लागला.

"काकू," तो तिथूनच ओरडला, "हे बाबा एसटी स्टँडवर बसले. याईले थंडी वाजून ताप आला वाटते. मी म्हटलं दवाखान्यात नेतो, तं आयकूनच नाही राहिले. प्रताप नगरच म्हणते."

"ताप नाही रे बाप्पा," म्हातारा म्हणाला. "स्वेटर हाय."

पांढरा पायजमा, पांढरी टोपी, आणि टोपीपासून पायजम्यापर्यंत निळाशार, पूर्ण बाह्यांचा, गळाबंद लोकरीचा स्वेटर. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. लू लागू नये म्हणून घेतलेला कांदा हातात होता, कारण काकूंच्या स्वेटरला खिसा नसतो. पण मी चेहऱ्याच्या आधी त्याची डावी बाही पाहिली. त्याचा तो हात कोपरात जरासा वाकलेला होता, सरळ होतच नव्हता. आणि बाही मनगटावर नेमकी येऊन थांबली होती. इतक्या वर्षांत डावी बाही मनगटावर नेमकी बसलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. मनगटावर घड्याळ नव्हतं.

काकू दारात आल्या होत्या. दादा फाटकाच्या बाहेरच उभा राहिला.

"मे महिना हाय वं," तो म्हणाला.

काकू पायऱ्या उतरून गेल्या, फाटक उघडलं, आणि आधी त्याच्या स्वेटरची खालची किनार चिमटीत धरून ताणून पाहिली.

"कोणं विणला?"

"सुनेनं. तुह्या त्या कॉम्प्युटरवरचं वाचून. साऱ्या हिवायात विणत होती बिचारी. दरवेळा मले वाचून दाखवे. डावी बाही दोन बोटं कमी, डावी बाही दोन बोटं कमी." त्यानं बाहीनंच घाम पुसला. "मले समजलं म्हटलं, कोणासाठी लिवून राहिली."

"बॉर्डर सैल घातली तिनं."

"मंग तूच सांग तिले. ये घरी अन् सांग."

काकू तशाच किनार धरून उभ्या.

"विमल," दादा हळूच म्हणाला, "उबवून झालं असन तं काढू काय आता? जीव जाऊन राहिला."

काकू हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि रडता रडता त्याला आत ओढत नेऊ लागल्या. मागे लडीनं बांधलेले काका दोन्ही हात पुढे करून उभे, त्यामुळे ते मेहुण्याला मिठी मारणार की हार घालणार हे कुणाला कळेना. ऑटोवालाही डोळे पुसत आत आला. त्याला काय झालं होतं देव जाणे.

पन्हं प्यायल्यावर दादाच्या जिवात जीव आला. मी धीर करून विचारलं, "हाताला काय झालं होतं?"

"सायकलीवरून पडलो. पोरगा होतो तेव्हा. चाक आउट झालं अन् पुलियावर आपटलो. हड्डी बसवणाऱ्यानं थोडी वाकडी बसवली."

"चाक कसं आउट झालं?"

"स्पोक कमी होते चाकात."

"कुठे गेले?"

दादानं काकूंच्या मांडीकडे पाहिलं. मांडीवर अर्धवट विणलेली पाठ होती आणि तिच्यात दोन सुया. "इले विणायचं होतं," तो म्हणाला. "अन् सुया आणून देणारं घरात कोणी नव्हतं."

काकूंनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. "उभा राह," त्या दादाला म्हणाल्या. "पाठ कर इकडे."

तो उभा राहिला. काकूंनी त्याच्या पाठीवर वीत टाकली. मग खांद्यावर बोटं ठेवली. मोजलं, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"दादा, खांदे कुठं गेले तुहे?"

"तिथंच असतीन पाह्य."

"नाही. कमी झाले."

"वय झालं वं. उतरते माणूस."

काकूंनी तिसऱ्यांदा मोजलं नाही. मग एकदम ऑटोवाल्याकडे वळल्या. "तू काहून बसला? पाठ इकडे कर."

त्या संध्याकाळी दादा ओसरीत झोपला होता. स्वेटर दोरीवर वाळत होता. काकूंनी मला हाक मारून लॅपटॉप आणायला सांगितला. मी म्हटलं, आता ते 'कारण' पुढे सरकणार. मंडळाच्या बायका वाट पाहत होत्या.

"लिही," काकू म्हणाल्या. "सूचना. इतक्या वर्षांत जे जे नमुने दिले, त्या साऱ्यात खांदे दोन्ही बाजूनं दोन-दोन बोटं कमी करा. डावी बाही हाय तशीच ठेवा."

"आणि कारण? बायका विचारतील."

काकूंनी ओसरीकडे पाहिलं. "लिही, की खांदे उतरते." मग म्हणाल्या, "नको. खोड ते. विणतीन बाया."

मी खोडलं. पुढचं काही त्यांनी सांगितलं नाही. तो मोठा लेख काही झाला नाही, मंडळानं त्या सूचनेवरच वाढदिवस साजरा केला. भाऊबीजेला काकू माहेरी गेल्या आणि सुनेला बॉर्डर घट्ट कशी घालायची ते शिकवून आल्या. आता डिसेंबर लागलाय. मला नवा स्वेटर मिळालाय. खांद्यात काचतो, हात पुरता वर होत नाही, आणि डाव्या मनगटाला वारं लागतं. वैशाली म्हणते, काकूंना सांगा ना, मोकळा करून देतील. मी काही सांगितलेलं नाही. रोज सकाळी तोच घालून दूध आणायला जातो.